कुणाच्या अंगाची हळद

चंद्राबाई : अरे पन हात सोड माझा. मांडवात बाया जमल्यात, हळद वाटून झालीय, बाजावाले चा मागतायत, आनि नवरा मला ओढत पेंढ्याच्या उडवीमागं घेऊन आलाय. कोनी बगितलं तर काय बोलतील?

हिरामण : मावशे, हळू बोल.

चंद्राबाई : मी धवलारीन हाय बाबा. जासईतली निम्मी लग्नं मी लावलीत, धवले गाऊन गाऊन. हळू बोलनारी धवलारीन तू कधी बगितलीस? काय ते सांग लवकर. पळून जायचा इचार हाय का?

हिरामण : नाय गो.

चंद्राबाई : दुसरी कोन पोरगी मनात हाय?

हिरामण : नाय.

चंद्राबाई : मग पोट बिघडलंय. हळदीच्या दिवशी नवऱ्यांची पोटं बिघडतातच. तुझ्या बापसाचं पन बिघडलेलं. ओवा खा नि मांडवात चल.

हिरामण : पोट चांगलं हाय. मावशे, माझी उष्टी हळद गव्हाणला नवरीकडं धाडू नको.

चंद्राबाई : काय बोल्लास?

हिरामण : मला लावलेली हळद पुतळाला लावायची नाय. बाकी सगळं कर. धवले गा, बाजा वाजव, मला डोक्यावरनं पायापर्यंत पिवळा कर. पन माझ्या आंगाची हळद तिच्या आंगाला लागता कामा नये.

चंद्राबाई : हिरामण, नवऱ्याच्या आंगावरची हळद काढायची, वाटीत घालून नवरीकडं न्यायची, ती तिला लावायची. तेवा अर्धं लगीन लागतं. अर्धं उद्या मांडवात. तुला अर्धंच लगीन पायजे का? मग कुठलं अर्धं पायजे ते पन सांग. वरचं का खालचं?

हिरामण : मस्करी नको ना.

चंद्राबाई : मस्करी तू चालवलीस. पोरगी पसंत नाय का?

हिरामण : पसंत हाय म्हनूनच बोलतोय. मावशे, आईची आन घे. कोनाला सांगनार नाय ना?

चंद्राबाई : कोनाच्या आईची? माझी मरून जमाना झाला.

हिरामण : मला नायटा झालाय.

चंद्राबाई : आं?

हिरामण : नायटा. गजकरन. खाज येते, गोल गोल पसरतो तो.

चंद्राबाई : मला नायटा शिकवतोस? कुठं झालाय?

हिरामण : कमरेला. इथं, कासोट्याच्या खाली.

चंद्राबाई : दाखव.

हिरामण : आता?

चंद्राबाई : मग काय, उद्या मंगलाष्टकं झाल्यावर दाखवनार? अरे तुझ्या जन्माच्या येळी सुइनीच्या जोडीला मी होते. तुझ्याकडं असं काय हाय जे मी बगितलं नाय? वर कर ते धोतर. एवढं नको रे. हां. हा होय?

हिरामण : होळीपासून हाय. मिठागरावर लागला असंल. दिवसभर खाऱ्या पान्यात उभं, वरनं घाम. उरणच्या दवाखान्यातल्या कंपाऊंडरनं पिवळं मलम दिलं. बोल्ला, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. तुझं फडकं, तुझी चादर, तुझ्या आंगाला जे जे लागलं ते दुसऱ्या कोनाच्या आंगाला लावायचं नाय, पार बरा होईपर्यंत.

चंद्राबाई : हळदीचं बोल्ला का तो?

हिरामण : हळदीचं नाय बोल्ला. पन जे जे बोल्ला ना. हळद त्यात येत नाय का? उघड्या आंगाला चोळनार, तीच खरवडून तिच्या गालाला, गळ्याला, हाताला. मी काल रातीपासून तेच डोळ्यासमोर बगतोय. तिच्या गालावर गोल चट्टा.

चंद्राबाई : म्हनून तुझ्या आंगाला फटाक्यासारखा वास येतोय होय. मला वाटलं, उद्याच्या वरातीची दारू फोडून बगितलीस.

हिरामण : गंधक असतं त्या मलमात. मावशे, काय तरी कर. तिनं तर मला धड बगितलं पन नाय. आनि माझी पयली भेट काय जानार तिला, तर नायटा.

चंद्राबाई : लग्नानंतर काय करनार हायस? नायटा काय तुझा पंचांग बगून जानार नाय.

हिरामण : ओटीवर झोपीन. वेगळं ताट, वेगळी चादर. ते माझं मी बगतो. आजची हळद तेवढी तुझ्या हातात हाय.

चंद्राबाई : माझ्या हातात नाय राजा. तुझ्या आत्याच्या हातात हाय. पयली हळद आत्या लावनार, उष्टी हळद आत्या काढनार. त्या येसूबायच्या वाटीवर घार पन झडप घालनार नाय. तिच्या डोळ्यांसमोर मी हळद बदलली तर ती मला त्याच हळदीत वाटून काढंल.

हिरामण : मग मी हळदच लावून घेत नाय. सांग जाऊन मांडवात.

चंद्राबाई : सांगते. म्हनजे पाचच मिनिटांत गव्हाणला बातमी, नवरा फिरला. तुझा सासरा कोयता घेऊन येईल, तुझा बापूस ओटीवर डोकं धरून बसंल, नि ज्यानं तांदूळ शिजवलेत तो आचारी रडंल. ती पोरगी हळदीच्या दिवशी टाकलेली म्हनून जनमभर मायेरी बसंल. मग नायट्यापेक्षा बरं केलंस म्हनायचं का तिचं?

हिरामण : तसं नाय गो मला करायचं.

येसूबाई : मग कसं करायचंय?

चंद्राबाई : आई गो. येसूबाय, तू कुठनं आलीस?

येसूबाई : आले कुठनं? उडवीच्या या बाजूला बसलेय मगापासून. तंबाखू मळत होते. माझ्या भावाचं घर, माझ्या भावाची उडवी. तुमी दोघं कोनाच्या परवानगीनं आलात?

हिरामण : आते, तू सगळं ऐकलंस?

येसूबाई : धोतर वर केलंस तेवढं नाय बगितलं. बाकी सगळं ऐकलं.

चंद्राबाई : तू जरा शांत हो येसू.

येसूबाई : मी शांतच हाय. या पोऱ्याला आयस नाय म्हनून मी आयशीसारखं केलं. ढुंगन धुतलं मी त्याचं. आनि ढुंगनाच्या वरती चार बोटं काय झालं, तर ते सांगायला याला धवलारीन सापडली.

हिरामण : तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस.

येसूबाई : मी? मी कधी कोनाचं काय गावभर केलंय?

चंद्राबाई : माझ्या नवऱ्याच्या मूळव्याधीचं कोनी केलं होतं?

येसूबाई : ते मी फक्त विहिरीवर सांगितलं होतं.

हिरामण : आते, तू रागवू नको. पन मी ती हळद जाऊ देनार नाय. तू मारलंस तरी नाय.

येसूबाई : मारते कशाला. बस खाली. चंद्रा, तू पन बस. मी इचार केलाय. उष्टी हळद म्हनजे काय? नवऱ्याच्या रगताची, नवऱ्याच्या कुळाची निशानी नवरीला लागायची. बरोबर ना?

चंद्राबाई : हां, तसंच धर.

येसूबाई : मी याच्या बापसाची सख्खी भैन. एकच रगत. मग माझ्या आंगाची हळद गेली तर काय बिघडलं?

चंद्राबाई : काय बिघडलं म्हनजे? अगो, नवऱ्याची हळद ती. तुझी लावली तर त्या पोरीचं लगीन तुझ्याबरोबर लागंल.

येसूबाई : लागू दे. नांदवीन चांगली.

हिरामण : आते.

येसूबाई : गप बस. मी सवाष्न हाय, माझा नवरा मांडवात जिता बसलाय, विडी ओढतोय, माझ्या आंगाला अख्ख्या जन्मात एक पुटकुळी आली नाय. माझ्यापेक्षा चोख आंग जासईत कोनाचं हाय? दाखव बगू.

चंद्राबाई : आनि गव्हाणवाल्यांना कळलं तर?

येसूबाई : हळदीला काय तोंड असतं? ती सांगनार हाय, मी कोनाच्या आंगावरनं आले ते? बाया एकमेकींना हळद फासतात की नाय? तू मला फास. दोनी हातांना कोपरापर्यंत. मी ओरडते, शिव्या देते, म्हनजे कोनाला शंका येनार नाय. मग विड्याच्या पानानं तीच खरवडायची नि वाटीत घालायची.

चंद्राबाई : तू शिव्या देनार हे तर कोनाला खोटं वाटनारच नाय.

हिरामण : आनि माझी आंघोळ? पाच बाया मिळून घालतात ना? कमरेवरचं दिसंल त्यांना.

येसूबाई : तू कमरेचा पंचा सोडायचा नाय. मी सांगीन, आमच्या घरात नवऱ्याला पंचासकट न्हायला घालतात.

चंद्राबाई : कधीपासून?

येसूबाई : आजपासून.

चंद्राबाई : येसू, मी आजपर्यंत लग्नात एक शब्द खोटा गायले नाय. आज गायला लावतेस. "नवऱ्याच्या आंगाची हळद निघाली गो गव्हाणला," असं मी मांडवात कुठल्या तोंडानं गाऊ?

येसूबाई : ज्या तोंडानं रोज पान खातेस त्याच तोंडानं. नाय तर "आत्याच्या हाताची" गा. आत्याच्या हाताचीच हाय ती, खोटं कुठं झालं?

चंद्राबाई : अगो बाई. ही माझ्या पोटावर पाय देनार. बसतंय पन चालीत.

हिरामण : आते, तिला काय होनार नाय ना?

येसूबाई : कोनाला?

हिरामण : पुतळाला.

येसूबाई : बगितलंस चंद्रा? हळद अजून लागली नाय, आनि आत्याला काय होईल का ते इचारत नाय. चल, ऊठ. आनि मांडवात खाजवलंस तर हात तोडीन.

(लग्न होऊन पाच दिवस झालेत. पाचपरतावणासाठी नवरा-नवरी नवरीच्या माहेरी गव्हाणला जाऊन आलीत आणि आता सकाळची जासईला परत निघालीत. खाडीलगतचा मातीचा बांध. दोघंच आहेत. हिरामण बराच पुढं.)

पुतळा : अवो. थांबा.

हिरामण : चल ना. भरती यायच्या आत पलीकडं जायला पायजे.

पुतळा : भरतीला येळ हाय. या खाडीची भरती मला लहानपनापासून ठाव हाय. मी बसले.

हिरामण : कुठं बसलीस?

पुतळा : इथंच. बांधावर. आता मी पुढं येनार नाय.

हिरामण : का, पाय दुखतो?

पुतळा : पाय नाय दुखत. जवळ या. एवढ्या लांबनं बोलायला मी काय होडीत बसलेय? अजून जवळ. मी चावत नाय.

हिरामण : आलो. बोल.

पुतळा : माझ्या आंगाला वास येतो का?

हिरामण : तुझ्या? नाय.

पुतळा : मी काळी हाय म्हनून?

हिरामण : मी काय गोरा हाय?

पुतळा : मग मी घोरते?

हिरामण : थोडं घोरतेस.

पुतळा : मी आत झोपते. तुमी ओटीवर. मधी भिंत हाय. तुमाला कसं ऐकू येतं?

हिरामण : येतं.

पुतळा : कसं?

हिरामण : कान लावला की येतं.

पुतळा : भिंतीला कान लावता, आनि आत येत नाय. बरं. पयल्या दिवशी तुमी जेवून उठलात, मी तुमच्या ताटात जेवायला बसले, तर माझ्या हातातनं ताट काढून घेतलंत नि विहिरीवर जाऊन घासलंत. नवऱ्यानं ताट घासलेलं अख्ख्या आळीनं बगितलं. तुमची आत्या काय बोल्ली ठाव हाय?

हिरामण : काय?

पुतळा : बोल्ली, पोराला लहानपनापासून घासायची हौस हाय.

हिरामण : तिला काय तरी बोलायचं असतं.

पुतळा : तुमची चादर घडी करायला घेतली तर अशी ओढलीत, जशी काय मी चोरून नेतेय. तुमच्या पंचाला हात लावला तर ओरडलात. तीन दिवस मी गप बसले. चौथ्या दिवशी सगुणा, तुमच्या शेजारची, मला बोल्ली, नवरा ओटीवर का झोपतो गो? मी काय सांगू? उकडतं म्हनून सांगितलं. आनि काल मायेरी गेले तर सगळ्या मैत्रिनी भोवती बसल्या. एकीनं तोंड दाबून इचारलं, दुसरीनं न दाबता इचारलं. मी हसत होते. हसून हसून माझे गाल दुखायला लागले.

हिरामण : पुतळा.

पुतळा : मला बोलू द्या. पुढं परत हिंमत होनार नाय. तुमाला मी नको असंल तर आता सांगा. बांध अजून अर्धाच झालाय. इथनं मला मायेरचं घर दिसतंय. एकदा जासईत पाऊल ठेवलं की मी परत जानार नाय, मग तुमी ओटीवर झोपा नाय तर आंब्यावर. म्हनून इथं बसलेय. सांगा.

हिरामण : तू मला पायजे हायस गो.

पुतळा : मग?

हिरामण : मला रोग हाय.

पुतळा : कसला?

हिरामण : लागट.

पुतळा : छातीचा? खोकला तर नाय तुमाला.

हिरामण : छातीचा नाय. खाली.

पुतळा : कुठं खाली?

हिरामण : तेवढं खाली नाय. कमरेला. नायटा हाय मला. बास, सांगितलं.

पुतळा : नायटा.

हिरामण : कंपाऊंडर बोल्ला, माझ्या आंगाचं कायपन दुसऱ्याला लागलं तर त्याला होतो. म्हनून ताट, म्हनून चादर. म्हनून ओटी. हसतेस काय?

पुतळा : हसू नको तर काय करू? पाच दिवस मी मनात दुसरंच धरून बसले होते. मला वाटलं तुमी मोऱ्याच्या बंदरावर कोनीतरी ठेवलीय. मासे घ्यायला जाता म्हनून. मी तिचं नाव पन ठेवलं होतं.

हिरामण : काय नाव?

पुतळा : कमळी. गोरी, नाकात मोठी नथ, मोठ्यानं बोलनारी. रातची मी तिच्याबरोबर भांडत होते मनात. ती बिचारी उगाच शिव्या खात होती. नायटा झालाय म्हनून सांगायला काय झालं होतं तुमाला?

हिरामण : तू पळून गेली असतीस.

पुतळा : पळायला मी काय बकरी हाय?

हिरामण : तुझा बापूस तरी घेऊन गेला असता. लग्नाआधी कळलं असतं तर लगीनच मोडलं असतं. आनि मला तुला द्यायचा नव्हता तो. नायटा. हळदीच्या दिवशी केवढी खटपट केली आमी. हळद पन माझी नाय लागू दिली तुला.

पुतळा : काय बोल्लात?

हिरामण : काय नाय.

पुतळा : हळद तुमची नाय म्हनजे? मग मला कोनाची लागली?

हिरामण : चल ना, भरती.

पुतळा : भरती गेली खड्ड्यात. कोनाची हळद?

हिरामण : आत्याची.

पुतळा : येसूआत्याची?

हिरामण : तिच्या हाताला लावली, नि खरवडून तुला धाडली. आंग चोख हाय तिचं. एक पुटकुळी नाय. ती सवाष्न पन हाय.

पुतळा : म्हनजे माझं लगीन तुमच्या आत्याबरोबर लागलंय.

हिरामण : चंद्रामावशी पन हेच बोल्ली होती.

पुतळा : तरीच. उठले की "पुतळा", बसले की "पुतळा". डोक्याला तेल ती लावते, जेवलीस का ती इचारते, माझ्याबरोबर आत ती झोपते. नवरा आत झोपतो आनि मी उगाच ओटीवरच्याची वाट बगत होते.

हिरामण : हसलीस ना. झालं तर मग.

पुतळा : झालं नाय. मी हसत नाय आता. तुमाला ठाव हाय, त्या दिवशी आयस मला न्हायला घालायला आली तर मी मानेमागची हळद धुवू नाय दिली. केसांच्या खाली लपवली. रातभर पदर तिथं धरून झोपले. वाटलं, हा त्याच्या आंगाचा वास. बरा हाय वास. याच्याबरोबर जमंल आपलं.

हिरामण : आत्याच्या तंबाखूचा वास होता तो.

पुतळा : ते आता कळलं मला. तुमी गप राहा. माझी एकच गोष्ट होती ती तुमच्याकडची, ती पन तुमची नाय निघाली.

हिरामण : चुकलं माझं. पन मी तुझ्यासाठीच केलं गो. माझ्या डोळ्यासमोरनं तुझा गाल हलत नव्हता. त्याच्यावर चट्टा उठला असता तर मी मिठागरातच जीव दिला असता.

पुतळा : माझा गाल तुमी कधी बगितला होता? साखरपुड्याला तर मी बाहेर पन आले नव्हते.

हिरामण : गाल नाय बगितला. हात बगितला. त्यावरनं गाल धरला मनानं.

पुतळा : हात कधी?

हिरामण : साखरपुड्यालाच. याच बांधावरनं येताना मी चिखलात पडलो. धोतर पार काळं झालं. तुमच्या घरी आलो तर सगळे हसले. मग दाराच्या फटीतनं एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा, नि लेंगा दिला मला घालायला. तुझाच होता ना तो हात?

पुतळा : माझाच होता.

हिरामण : मी तर तो लेंगा रातचा पन सोडला नाय. गव्हाणला वस्ती होती ना आमची.

पुतळा : अवो.

हिरामण : काय?

पुतळा : निळ्या पट्ट्यांचा लेंगा?

हिरामण : हां.

पुतळा : कमरेला नाडी लाल?

हिरामण : लालच होती. का?

पुतळा : तुमाला खाज कधी सुटली?

हिरामण : होळीला. साखरपुड्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी असंल. का गो? अशी काय बगतेस?

पुतळा : तो लेंगा शिवादादाचा. माझ्या मोठ्या भावाचा.

हिरामण : मग?

पुतळा : शिवादादाला नायटा होता. दिवाळीपासून. आयसनं तो लेंगा उकळायला म्हनून परसातल्या कुडावर वेगळा टाकला होता. सगळ्या घराला सांगितलं होतं, त्याला हात लावू नका. त्या दिवशी आतनं बापूस ओरडला, जावयाला काय तरी नेसायला द्या. मी घाबरले. परसात गेले, हाताला लागला तो ओढला नि दिला. तुमी बाहेर चिखलात उभे, आनि मला तुमचा आवाज ऐकू येत होता. मला कुठला लेंगा नि कुठला सदरा?

हिरामण : म्हनजे हा नायटा.

पुतळा : आमच्या घरचा हाय.

हिरामण : मिठागरावरचा नाय?

पुतळा : गव्हाणचा. माझ्या हातचा.

हिरामण : मी तीन महिने त्या मिठागराला शिव्या देतोय.

पुतळा : द्या आता मला.

हिरामण : तुला कशाला देऊ? तुझा हात होता म्हनून मी घट्ट बांधला तो. आनि शिवाचं काय झालं? आजपन खाजवतो का?

पुतळा : पार गेला त्याचा. आयसनं टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावलं. कपडे रोज उकळले. तुमी तुमचं मलम पन लावा, मी बी पन वाटते. आता दाखवा.

हिरामण : काय?

पुतळा : नायटा. आणखी काय दाखवनार इथं बांधावर?

हिरामण : कोनी येईल.

पुतळा : बगळे सोडून कोन नाय. चंद्राबायनं बगितला का?

हिरामण : बगितला.

पुतळा : आत्यानं?

हिरामण : तिनं नुसता ऐकला.

पुतळा : सगळ्या गावानं बगून झाल्यावर बायकोनं बगायचा. करा वर. हां. एवढाच?

हिरामण : आधी मोठा होता. आता उतरलाय.

पुतळा : नव्या पैशाएवढा हाय हा. याच्यासाठी मी कमळीबरोबर भांडले. शिवादादाचा तर ताटलीएवढा होता, नि माझी वयनी त्याच्याजवळच निजायची.

हिरामण : हात लावू नको. पुतळा, नको. बरा होऊ दे आधी. ऐक माझं.

पुतळा : नाय लावत. पानानं लावीन, पान जाळून टाकीन, हात साबनानं धुवीन. मग तर झालं? आनि आजपासून ओटी बंद. आत झोपायचं. चादर वेगळी घ्या, चटई वेगळी घ्या, पन भिंत मधी नको.

हिरामण : आनि आत्या?

पुतळा : आत्याला ओटीवर. तिचं नि माझं लगीन मोडलं म्हनून सांगते तिला.

हिरामण : ती गावभर करंल.

पुतळा : करू दे. विहिरीवर तिच्याआधी मी सांगीन. चला, उठवा मला. हात द्या. हाताला तर नाय ना नायटा?

हिरामण : नाय. हाताला नाय.

पुतळा : मग धरा नीट.

हिरामण : पुतळा, काल तुझ्या आयसनं इचारलं असंल ना, जावय कसा हाय म्हनून?

पुतळा : इचारलं. मैत्रिनी गेल्यावर जवळ बसवून इचारलं.

हिरामण : काय सांगितलंस?

पुतळा : सांगितलं, मला लय जपतो.

हिरामण : काल तर तुला यातलं कायच ठाव नव्हतं.

पुतळा : नव्हतं. तिला बरं वाटावं म्हनून खोटंच सांगितलं होतं. आता परत जाऊन बदलायला नको.